उगवणीची चाचणी

मृग लागायच्या आधी वाशीम जिल्ह्यात घरोघर एक प्रयोग चालतो. गेल्या हंगामातलं राखलेलं सोयाबीन काढायचं, त्यातले शंभर दाणे न निवडता मोजायचे, ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची आणि अधूनमधून पाणी शिंपडायचं. पाच-सहा दिवसांनी गुंडाळी उघडून कोंब मोजतात. सत्तर किंवा त्याहून जास्त निघाले तर बियाणं पेरणीजोगं. कमी निघाले तर एकरी बियाणं वाढवायचं, फारच कमी निघाले तर विकून मोकळं व्हायचं. दाणा टपोरा आहे, रंग चांगला आहे, देणारा ओळखीचा आहे, या गोष्टींना या चाचणीत काडीची किंमत नाही. मोजायचे ते कोंब. गुडघ्याच्या झिजेवर ‘पुनरुत्पादक उपचार’ म्हणून आज जे सांगितलं जातं, त्याला हीच चाचणी लावून पाहणं एवढंच या प्रकरणाचं काम आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या उपचारांपैकी काहींनी काही रुग्णांचं दुखणं काही काळ कमी होत असावं, असं मानायला जागा आहे. वयानं झिजलेली गादी पुन्हा उगवते, याला मात्र पुरावा नाही. आणि रुग्णाकडून पैसे घेतले जातात ते उगवण्याचे.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा निघाला. रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा आणि वाशीम हे सहा तालुके. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे बारा लाख, त्यातले पाचांत चार जण खेड्यांत राहणारे. खरिपात सोयाबीन, तूर, थोडी पऱ्हाटी. ही पिकं आपण क्विंटलात मोजतो, पण गुडघ्यांतही मोजता येतील. निंदण होतं ते उकिडवं बसून, पुढे सरकत. सोयाबीनची सोंगणी वाकून, नाहीतर पुन्हा उकिडवं बसून. घरी आल्यावर चूल, भांडी, धुणं, सारवण हे सारं जमिनीच्या पातळीवर, आणि पहाटे शौचाला बसणंही तसंच. गुडघा पूर्ण दुमडला की त्याच्या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट दाब येतो. निंदण आणि सोंगणी बहुतांशी बायकांच्या वाट्याला येते, आणि पन्नाशीनंतर गुडघ्याची झीजही बायकांतच जास्त आढळते. यात शरीराच्या घडणीचा आणि पाळी थांबल्यानंतरच्या बदलांचा वाटा आहेच. पण बीजिंगमधल्या वयस्कांच्या एका पाहणीत तरुणपणी रोज बराच वेळ उकिडवं बसणाऱ्यांत गुडघ्याची झीज अधिक दिसली, हेही ध्यानात ठेवायला हवं. भारतातल्या पाच केंद्रांमध्ये, त्यांत पुणेही होतं, पाच हजार माणसं तपासून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला आकडा असा की चाळिशीपुढच्या शंभरांपैकी जवळपास एकोणतीस जणांना ही झीज आहे. म्हणजे गुडघा धरणं हे एखाद्या घरचं दुर्दैव राहिलेलं नाही. ती मोठी बाजारपेठ आहे, आणि बाजारपेठ दिसली की दुकानं लागतात.

दवाखान्यात या आजाराची तीन नावं ऐकू येतात: ‘गॅप कमी झाली’, ‘गादी घासली’, ‘वंगण सरलं’. तिन्ही अर्धी खरी. एक्स-रेत गादी दिसतच नाही. दोन हाडांमधली मोकळी जागा दिसते, आणि ती जागा आक्रसली की गादी झिजली असा तर्क करतात. ही गादी म्हणजे कूर्चा. काही मिलिमीटर जाडीचा, पांढरा, गुळगुळीत, ओल्या काचेसारखा थर. तिच्यात रक्तवाहिनी नाही आणि संवेदना नेणारी नसही नाही. कोलॅजनच्या धाग्यांची घट्ट जाळी, त्या जाळीत पाणी धरून ठेवणारे रेणू, आणि मधून मधून विखुरलेल्या मोजक्या पेशी. त्वचेला जखम झाली की रक्त येतं, रक्ताबरोबर दुरुस्तीची माणसं आणि सामान येतं. इथे तो रस्ताच नाही. लंडनच्या विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच लिहून ठेवलं होतं की एकदा नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही. पावणेतीनशे वर्षांनी त्याला फार वेगळ्या वाटेनं दुजोरा मिळाला. १९५०-६०च्या दशकांत महासत्तांनी उघड्यावर अणुबाँबच्या चाचण्या केल्या तेव्हा हवेतला किरणोत्सारी कार्बन वाढला, आणि त्या काळात शरीरात जे घडलं त्यावर त्याची तारीख उमटली. डेन्मार्कच्या संशोधकांनी निरनिराळ्या वर्षी जन्मलेल्या लोकांच्या गुडघ्यांतली कूर्चा घेऊन ही तारीख वाचली, तेव्हा दिसलं की तिच्यातलं कोलॅजन वाढत्या वयातच तयार होतं आणि मोठेपणी जवळजवळ बदलतच नाही. हा शोधनिबंध २०१६चा. साठीतली बाई ज्या जाळीवर चालते ती तिच्या शाळकरी वयात विणलेली असते, असा त्याचा अर्थ. तेव्हा ‘पुन्हा उगवतं’ असं म्हणणाऱ्यावर पुराव्याचं ओझं किती मोठं आहे, हे यावरून कळावं.

हे ओझं काही प्रमाणात पेललं गेलं आहे, आणि ते मान्य करायलाच हवं. स्वीडनमधल्या गॉथेनबर्गला मॅट्स ब्रिटबर्ग, लार्स पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ रुग्णांच्या गुडघ्यांतून निरोगी कूर्चेचा तुकडा काढला, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या आणि गुडघ्यातला खड्डा त्यांनी भरला. निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मांडीच्या हाडावर खड्डा असलेल्या १६ जणांपैकी १४ जणांना चांगला गुण आला होता. महाराष्ट्रातही या वाटेवर काम झालं आहे. मुंबईच्या रिग्रो बायोसायन्सेस या कंपनीची प्रयोगशाळा लोणावळ्याला आहे; रुग्णाच्याच कूर्चेतल्या पेशी वाढवून तयार केलेल्या तिच्या उत्पादनाला देशाच्या औषध महानियंत्रकांनी २०१७ मध्ये परवानगी दिली. पण स्वीडनचे ते रुग्ण १४ ते ४८ वयाचे होते. मार लागून एका जागी खड्डा पडलेला, भोवतालची गादी धडधाकट, पाय सरळ. वावरात एके ठिकाणी खड्डा पडला तर माती आणून भरता येते, कारण बाजूची जमीन तिला धरून ठेवते. सगळं वावरच धुपून मुरूम उघडा पडला असेल तर तीच टोपलीभर माती पहिल्या पावसात नाल्याला जाते. वयानं येणाऱ्या झिजेत गादीबरोबर खालचं हाड, कडेची पुठ्ठ्यासारखी चकती, आतलं अस्तर आणि पायाचा कोन हे सगळंच बिघडलेलं असतं. खड्ड्याचं यश दाखवून धुपीचं औषध विकणं ही या धंद्यातली पहिली हातचलाखी आहे.

आता सगळ्यांत जास्त खपणारा प्रकार घेऊ: रुग्णाच्या स्वतःच्या रक्ताचं इंजेक्शन, ज्याला पीआरपी म्हणतात. हातातून रक्त काढायचं, यंत्रात गरगर फिरवायचं, प्लेटलेटनी दाट झालेला भाग वेगळा काढायचा आणि तो गुडघ्यात टोचायचा. डेंग्यूमुळे प्लेटलेट हा शब्द खेड्यापाड्यात पोचलेला आहे, आणि ‘आपलंच रक्त, अपाय काय होणार’ हे पटायला सोपं जातं. कल्पनाही निव्वळ भाकड नाही. प्लेटलेटमधून जखम भरण्याचे संकेत देणारे घटक बाहेर पडतात. चंडीगडच्या पीजीआय या संस्थेतल्या डॉक्टरांनी ७८ रुग्णांवर केलेली चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात मिठाच्या पाण्यापेक्षा पीआरपीनं दुखणं जास्त कमी झालं, मात्र सहा महिन्यांकडे जाता जाता गुण ओसरू लागला. या चाचणीचा उल्लेख पीआरपीचे समर्थक करतात आणि तो त्यांनी करावाच. पण पुढची गोष्टही सांगावी. ऑस्ट्रेलियात २८८ रुग्णांना दर आठवड्याला एक अशी तीन इंजेक्शनं दिली, निम्म्यांना पीआरपी, निम्म्यांना मिठाचं पाणी. कोणाला काय मिळालं ते रुग्णालाही ठाऊक नव्हतं आणि टोचणाऱ्यालाही. २०२१ मध्ये निकाल आला. वर्षभरानं दहापैकी दुखण्याचे गुण पीआरपीच्या गटात २.१ नी उतरले होते, मिठाच्या पाण्याच्या गटात १.८ नी. आतल्या बाजूच्या कूर्चेचं आकारमान एमआरआयवर मोजलं, तर ते पहिल्या गटात १.४ टक्के घटलेलं आणि दुसऱ्यात १.२ टक्के. दोन्हींतला फरक दखल घेण्याजोगा नव्हता. गोणपाट उघडून पाहिलं आणि कोंब नव्हते. यावर समर्थकांचं उत्तर असं की तिथे वापरलेल्या पीआरपीत प्लेटलेट पुरेशा नव्हत्या, मात्रा वाढवली की गुण येतो. हे खरं असूही शकेल; जास्त मात्रेच्या बाजूनं बोलणारे भारतीय अभ्यासही आहेत. मग वाशीमच्या किंवा अकोल्याच्या रुग्णाला टोचलेल्या सिरिंजमध्ये किती प्लेटलेट होत्या हे मोजून कागदावर लिहून मिळतं का? मात्रेवर गुण अवलंबून आहे असं म्हणायचं आणि मात्रा मोजायची नाही, हे दोन्ही एकाच तोंडानं बोलता येणार नाही.

यावर लगेच येणारा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण तो प्रामाणिक आहे: ‘अहो, पण आमच्या मावशीला गुण आला ना!’ आला असेल. ऑस्ट्रेलियात मिठाच्या पाण्यानंही आला होता, हे विसरू नका. सुई, आस्थेनं बोललेले चार शब्द आणि खर्च केलेला पैसा यांचा परिणाम दुखण्यावर होतो, आणि तो खोटा नसतो. पण आपल्याकडे आणखी एक कारण जोडीला येतं, ते म्हणजे हंगाम. गुडघ्याचं दुखणं एकसारखं नसतं. ते चढतं आणि उतरतं. वाशीममध्ये ते केव्हा चढणार? सोंगणी जोरात असते तेव्हा. उक्त्यात काम घेतलेलं असतं, पाऊस यायच्या आत पीक घरात आणायचं असतं, दिवसभर विळा आणि उकिडवी बैठक. माणूस तेव्हा दवाखान्यात जात नाही, कारण सवड नसते आणि पैसाही. सोयाबीन विकलं, दिवाळी झाली, हातात चार पैसे आले की मग गुडघा दाखवायला निघतो. इंजेक्शन होतं. पुढचे महिने काम त्या मानानं हलकं, आणि डॉक्टरांनी ‘महिनाभर खाली बसू नका’ असंही बजावलेलं असतं. होळीपर्यंत गुडघा निवतो. न टोचताही त्याचा बराचसा भाग निवलाच असता. पण श्रेय सुईला जातं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. म्हणूनच चाचणीत दुसरा गट लागतो, तशाच गुडघ्यांचा, त्याच हंगामातला, मिठाच्या पाण्याचा. एका मावशीची दुसरी मावशी कुठे असते?

रक्तानंतरची पायरी म्हणजे ‘स्टेम सेल’, मूळ पेशी. या शब्दाचं वजन एवढं आहे की तो उच्चारला की प्रश्न विचारायचं कोणाला सुचत नाही. अस्थिमज्जेत किंवा चरबीत सापडणाऱ्या, हाड आणि कूर्चा घडवू शकणाऱ्या पेशींना ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव अमेरिकेतल्या क्लीव्हलंडचे आर्नल्ड कॅप्लन यांनी १९९१ मध्ये रूढ केलं. आणि याच कॅप्लन यांनी २०१७ मध्ये लेख लिहून सांगितलं की आता हे नाव बदला. या पेशी शरीरात टोचल्यावर नवा अवयव घडवत नाहीत. त्या आजूबाजूला रासायनिक संकेत सोडतात, दाह शमवतात, आणि थोड्याच काळात नाहीशा होतात. बारसं करणाऱ्यानंच नाव परत घेतलं. जाहिरातीत मात्र ते अजून चालू आहे. बियाणं म्हणून विकलेली वस्तू प्रत्यक्षात फवारणीचं औषध निघावी, असा हा प्रकार. फवारणीचाही उपयोग असतो. पण तिला बियाण्याचा भाव कोणी देत नाही.

इथे भारताची स्वतःची गोष्ट आहे आणि ती गंभीरपणे घ्यायला हवी. बंगळुरूच्या स्टेम्प्युटिक्स रिसर्च या कंपनीनं निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी वाढवून ‘स्टेम्प्युसेल’ हे औषध बनवलं. गुडघ्याच्या झिजेसाठी त्याला २०२२ मध्ये औषध महानियंत्रकांची परवानगी मिळाली, आणि मुंबईची अल्केम कंपनी ते बाजारात आणते. परवानगीमागची तिसऱ्या टप्प्याची चाचणी भारतातच झाली: १४६ रुग्ण, निम्म्यांना अडीच कोटी पेशींचं एक इंजेक्शन, निम्म्यांना बिनऔषधी द्रव. वर्षभरानं पेशी मिळालेल्यांचं दुखणं आणि आखडलेपण स्पष्टपणे कमी होतं. एमआरआयच्या एका खास तपासणीत त्यांच्या कूर्चेच्या खोल थराची प्रत खालावलेली दिसली नाही, दुसऱ्या गटात ती खालावली. हा चांगला निकाल आहे आणि तो हिणवण्याचं कारण नाही. पण त्याच निबंधात हेही नोंदलं आहे की पेशी मिळालेल्यांच्या कूर्चेच्या आकारमानात लक्षणीय बदल झाला नाही. म्हणजे औषधाच्या बाजूचा सर्वांत भक्कम भारतीय पुरावाही ‘दुखणं कमी, घसरण मंद’ एवढंच सांगतो. ‘नवी गादी’ हे शब्द त्याचे नाहीत. शिवाय एका कंपनीनं केलेली, दीडशेच्या आतल्या रुग्णांची चाचणी हा शेवटचा शब्द नसतो. अमेरिकेत चारशे पंचाहत्तर रुग्णांवर झालेल्या एका चाचणीत मज्जेतून काढलेल्या, चरबीतून काढलेल्या आणि नाळेतून काढलेल्या अशा तीन तऱ्हांच्या पेशींची साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनाशी तुलना केली; २०२३ च्या निकालात वर्षाअखेर तिन्हींपैकी एकही स्टेरॉइडपेक्षा सरस ठरली नाही, ना दुखण्यात, ना एमआरआयवर. जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. स्टेम्प्युसेलसारख्या पेशी द्रव नायट्रोजनच्या थंडीत साठवतात आणि टोचायच्या आधी वितळवतात. हा शब्द गावाला नवा नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यात वळूच्या वीर्याच्या कांड्या ज्या कॅनमध्ये असतात ती उणे १९६ अंशांची थंडी हीच. कॅनमधला नायट्रोजन संपला की कांडी निकामी होते हे गोपालकाला माहीत असतं. माणसाच्या पेशींचं काही वेगळं नाही, आणि तुमच्यासाठी आलेली कुपी वाटेत कशी ठेवली होती हा प्रश्न विचारायला लाजू नये.

आता कोणी म्हणेल, आणि रास्तच म्हणेल, की कूर्चा उगवली काय न उगवली काय, दुखणं गेलं म्हणजे झालं. बाईला एमआरआय घेऊन निंदायला जायचं नाही. या आक्षेपात तथ्य आहे. उलट बाजूचा पुरावाही त्याला दुजोरा देतो. स्प्रिफर्मिन नावाच्या औषधानं ५४९ रुग्णांच्या चाचणीत कूर्चा खरंच जाड केली होती. दोन वर्षांनी बिनऔषधी गटाच्या तुलनेत फरक ०.०५ मिलिमीटर, डोक्याच्या केसाहूनही कमी. पण कोंब तो कोंबच. आणि दुखण्यात? लक्षणीय फरक पडला नाही. कूर्चेला नसच नसल्यामुळे दुखतं ते हाड, अस्तर, भोवतालचे स्नायुबंध. गादी जरा वाढल्यानं त्यांना काय कळणार? तेव्हा दुखणं आणि उगवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे दोन्हीकडून सिद्ध होतं. पण मग हिशेबही वेगळा मांडावा लागेल. वेदनाशामक म्हणून जे विकायचं त्याची तुलना बाकीच्या वेदनाशामक उपायांशी होईल, त्याचा भाव त्या तराजूत ठरेल, आणि गुण किती महिने टिकतो हे आधी सांगावं लागेल. ‘नवी गादी आली’ या भरवशावर रुग्ण काय करतो तेही पाहावं. तो पुन्हा उकिडवा बसतो, डोक्यावर भारा घेतो. उगवल्याची खोटी खात्री ही नुसती पैशांची फसवणूक राहत नाही. तिनं उरलेली गादीही लवकर जाते.

उगवणीचा सर्वांत चकित करणारा पुरावा पेशींकडून आलाच नाही, तो भाराकडून आला. नेदरलँड्सच्या उट्रेख्टमध्ये २० रुग्णांच्या गुडघ्याला बाहेरून चौकट बसवून, वरचं आणि खालचं हाड काही मिलिमीटर दूर ताणून, दोन महिने तसंच ठेवलं. कोणतीही पेशी घातली नाही. वर्षभरानं एमआरआयवर झिजलेल्या भागातली कूर्चा सरासरी २.४ वरून ३.० मिलिमीटर झालेली आढळली. २०११चा हा अभ्यास लहान होता, तुलनेचा गट नव्हता, आणि हाडात सळ्या घालायच्या म्हणजे त्यांच्या तोंडाशी जंतुसंसर्ग होण्याचा धोका असतोच. म्हणून ‘चला, चौकट बसवून घेऊ’ असा निष्कर्ष कोणी काढू नये. पण दिशा स्पष्ट दिसते. शरीरात दुरुस्तीची थोडीफार ताकद असेलच तर ती भार उतरला की जागी होते. पाय धनुष्यासारखा वाकला असेल आणि रुग्ण तरुण असेल तर नडगीचं हाड गुडघ्याखाली कापून पाय सरळ करण्याची जुनी शस्त्रक्रियाही याच तत्त्वावर चालते: झिजलेल्या बाजूचा भार चांगल्या बाजूला द्यायचा. भार तसाच ठेवून वरून कोट्यवधी पेशी ओतणं म्हणजे उताराच्या रानात बांध न घालता खत टाकणं.

मग भार उतरवायचा कसा, यावर जगभरच्या मार्गदर्शिकांचं एकमत कंटाळा यावा इतकं आहे: व्यायाम, जास्त असलेलं वजन कमी करणं, काठी, पट्टा, वरून चोळायचं औषध. अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ च्या मार्गदर्शिकेत हे उपाय जोरानं सुचवले, आणि तितक्याच जोरानं पीआरपी आणि मूळ पेशींच्या इंजेक्शनाविरुद्ध मत दिलं. वजनाचा हिशेब मजेशीर आहे: एक किलो उतरलं की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार चार किलोनं हलका होतो. इथे वाशीमचा वाचक अडवील. ‘निंदणारी बाई काही लठ्ठ नसते, आणि दिवसभर राबणाऱ्या माणसाला व्यायाम काय सांगता?’ पहिला मुद्दा बरोबर आहे. शहरी दवाखान्यातला वजनाचा सल्ला तिच्यापुढे वाचून दाखवणं हे तिची थट्टा केल्यासारखं होईल. तिचा भार दुसरीकडे आहे: बैठकीत आणि डोक्यावर. उभ्यानं ढकलायचं सायकल कोळपं, लांब दांड्याचं खुरपं, ओट्यावर आणलेली शेगडी, शौचासाठी मध्ये भोक असलेली खुर्ची, आणि मळणीबरोबर आता कापणीसाठीही येणारं यंत्र ही सगळी गुडघ्याची औषधंच आहेत. ती औषधाच्या दुकानात मिळत नाहीत एवढंच. दुसरा मुद्दा मात्र मला मान्य नाही. राबणं आणि व्यायाम एक नव्हे. राबताना गुडघा दुमडलेल्या स्थितीत तासन्‌तास दाबला जातो. व्यायामात त्याच्यावर भार न देता मांडीचा पुढचा स्नायू घट्ट करतात. खाटेच्या कडेवर बसून पाय सरळ करायचा, दहा अंक मोजायचे, खाली घ्यायचा. जमू लागलं की घोट्याला वाळूची अर्धा किलोची पुरचुंडी बांधायची. हे आठवडाभरात गुण देत नाही. दोन-तीन महिने नेमानं केलं तर देतं. त्याची जाहिरात होत नाही, कारण त्यात विकायला काहीच नाही.

कायद्याबद्दल थोडक्यात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्यता नसलेला मूळ पेशींचा कोणताही उपचार फक्त नोंदणीकृत चाचणीतच देता येतो, आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून चाचणीचे पैसे घ्यायचे नसतात. देशातल्या चाचण्यांची नोंदवही, सीटीआरआय, इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येते. ‘आमचं संशोधन चालू आहे’ असं सांगून कोणी बिल फाडत असेल तर तिथे नाव शोधावं. मान्यता हीही अखेरची हमी नव्हे. दक्षिण कोरियात ‘इन्व्होसा’ या गुडघ्याच्या पेशी-औषधाला २०१७ मध्ये परवाना मिळाला आणि २०१९ मध्ये तो रद्द झाला. औषधातल्या ज्या पेशी कूर्चेच्या म्हणून नोंदवल्या होत्या त्या मूत्रपिंडापासूनच्या निघाल्या. आपल्याकडे तर त्याहून साधी अडचण आहे: ‘गुडघ्यात इंजेक्शन घेतलं’ एवढंच घरच्यांना माहीत असतं. ते स्टेरॉइड होतं, की वंगणाचं म्हणून देतात ते हायलुरॉनिक अॅसिड, की पीआरपी, की पेशी, याचा पत्ता नसतो. फरक मोठा आहे. स्टेरॉइड दर तीन महिन्यांनी दोन वर्षं दिलं तर मिठाच्या पाण्याच्या तुलनेत कूर्चा जास्त झिजते आणि दुखण्यात फायदा होत नाही, हे १४० रुग्णांच्या चाचणीत २०१७ मध्ये दिसलं आहे. म्हणून औषधाचं नाव आणि मात्रा कागदावर लिहून घ्यावी. खताच्या पोत्याची पावती आपण जपून ठेवतो; गुडघ्याचीही ठेवावी.

राहता राहिली सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया. अटलबिहारी वाजपेयी पंतप्रधान असताना २००० आणि २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात चित्तरंजन राणावत यांनी त्यांचे दोन्ही गुडघे बदलले, तेव्हापासून ती घराघरांत माहीत झाली. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रानं कृत्रिम सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याची तेव्हा ५४,७२० रुपये, कर वेगळा. ही शस्त्रक्रिया काही उगवत नाही आणि तसा दावाही करत नाही. झिजलेलं कापून धातू बसवते, आणि शेवटच्या टप्प्यातल्या बहुतेक रुग्णांना पुन्हा चालतं करते. ‘ऑपरेशन टाळा’ असं सांगून इंजेक्शनांवर वर्षं घालवणाऱ्यांचा स्नायू तोवर वाळतो, पाय आणखी वाकतो आणि साठवलेले पैसे संपतात.

शेवटी एक आकडा पाहून ठेवा. एक्स-रेच्या अहवालावर झिजेची ग्रेड लिहिलेली असते, ० ते ४; मँचेस्टरच्या केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये घालून दिलेली ही मोजपट्टी आहे. ऑस्ट्रेलियाची पीआरपीची चाचणी आणि स्टेम्प्युसेलची भारतीय चाचणी या दोन्ही ग्रेड २ आणि ३ च्या गुडघ्यांवर झाल्या. तुमच्या कागदावर ४ असेल तर त्या चाचण्या तुमच्या गुडघ्याविषयी काहीच सांगत नाहीत, ना चांगलं ना वाईट. इंजेक्शनाचे पैसे राखून ठेवा आणि शस्त्रक्रियेबद्दल बोला. २ किंवा ३ असेल तर आधी तीन महिने मांडीचा व्यायाम, बैठकीतला बदल, आणि मगच बाकीचं. दुसरं मत घ्यायला आता जिल्ह्याबाहेर जायलाच हवं असं नाही. ऑक्टोबर २०२४ पासून वाशीममध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. फिल्म घरातच कुठेतरी कपाटावर असेल. तिच्यासोबतचा कागद काढा आणि तो आकडा आजच वाचा.